पाच मिनिटांचा रस्ता

तायडेबाई नगरपालिकेत कधी बसल्या नाहीत. कोणी खुर्ची पुढे केली तर त्या तिच्या पाठीला छत्री अडकवत आणि शेजारी उभ्या राहत. सभा दुपारभर चालली तरी तशाच. एकदा हेडक्लार्कला राहवले नाही. तो म्हणाला, "बसा ना बाई, पाय दुखतीन." बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बसलं का मानूस आयकून घेते, भाऊ. मी आयकाले नाई आली, सांगाले आली."

अकोल्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी त्या सभागृहाच्या मागच्या बाकावर काही वर्षे काढली. गावाचे नाव लिहीत नाही. अकोला आणि अमरावती यांच्या दरम्यान कापसावर पोसलेली जी गावे आहेत त्यांतले ते एक. इथे जे घडले ते शेजारच्या गावात घडले नसते असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

अनसूया तायडे मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. मूळच्या चांदूर बाजारकडच्या, शिक्षणाचे ट्रेनिंग अमरावतीला झालेले. नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हते. उंची बेताची, आवाज खणखणीत, पांढरे सुती लुगडे आणि हातात काळी छत्री. ही छत्री उघडलेली कोणी पाहिली नव्हती. उन्हाळ्यात त्या डोक्यावर पदर घेत आणि छत्री हातातच ठेवत. छत्रीने त्या फळ्यावरची अक्षरे दाखवत, वाटेतले कुत्रे हाकलत आणि माणसांना थांबवत. छत्री आडवी झाली की समजायचे, बाईंना काही विचारायचे आहे.

त्यांची आणखी एक सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. बाई एरवी वऱ्हाडीच बोलत, अगदी बाजारातल्या बाया बोलतात तशी. वर्गात शिकवतानाही त्यांचे अर्धे बोलणे वऱ्हाडीतच असे. पण संताप आला की त्या पुस्तकातली मराठी बोलू लागत. वाक्ये पूर्ण, शब्द शुद्ध, आवाज खाली. पालिकेतले शिपाई दाराबाहेर उभे राहून कानोसा घेत आणि एकमेकांना सांगत, "आज बाई शुद्ध बोलून राहिल्या, कोनाचं तरी काई खरं नाई."

वर्गात हजेरी घेण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. हजर मुलींची नावे त्या भराभर घेत. गैरहजर मुलीचे नाव आले की थांबत आणि सगळ्या वर्गाला विचारत, "कुठं हाय ते? कावून नाई आली?" कोणाला ठाऊक नसेल तर शाळा सुटल्यावर त्या स्वतः तिच्या घरी जात. त्यामुळे नाल्याकाठच्या वस्तीतले प्रत्येक घर त्यांना आतून माहीत होते.

ही वस्ती गावाच्या मधोमध होती. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला मुलींची शाळा, पुढे दवाखाना. कुडाच्या भिंती, टिनपत्रे, चिखल आणि माश्या हे सगळे तिथे होते. राहणारे बहुतेक लोक छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेले. पुरुष कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला, बाया सरकी वेचायला किंवा लोकांच्या शेतात मजुरीला. बाईंचे स्वतःचे बिऱ्हाड तिथून जवळच, एका माडीवर होते. पण त्या वस्तीबद्दल बोलताना "आमी" म्हणत.

धर्मांतरानंतर दोन-तीन वर्षांनी नगरपालिकेने ठरवले की ही वस्ती हलवायची. नगराध्यक्ष नावाजलेले वकील होते. गावात त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे लिहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे वाईट माणसाने केले असते तर त्यात सांगण्यासारखे काही उरले नसते. ते खादी वापरत, वस्तीतल्या लग्नांना जात, तिथे पाणी पीत. गरिबाला पक्के घर मिळाले पाहिजे असे ते भाषणात म्हणत आणि मनापासून म्हणत. गावातल्या दोन जिनिंगांत त्यांची भागीदारी होती. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते आणि ते लपवतही नव्हते.

नवी वसाहत गावापासून दीड मैलावर, जिनिंगांच्या पलीकडच्या माळावर बांधायची होती. ओव्हरसियर वैशाखात जीप घेऊन जागा पाहायला गेला. रस्ता मोकळा होता. परत येऊन त्याने सभेत सांगितले, "पाच मिनिटांचा रस्ता आहे."

हे वाक्य गावात राहिले. पुढे कोणाला कशाला उशीर झाला की लोक हसून म्हणत, "पाच मिनिटांत येते." पण त्या दिवशी कोणी हसले नाही. सभासदांनी मान डोलावली. बाई मुलींच्या शाळेतल्या पिण्याच्या पाण्याची तक्रार घेऊन आल्या होत्या आणि खुर्चीशेजारी उभ्या होत्या. त्यांनी छत्री आडवी केली.

"साहेब, तुमी कोन्या महिन्यात गेलते?"

"आत्ताच. परवा."

"मंग कार्तिकात जा."

ओव्हरसियर परगावचा होता. त्याला काही कळले नाही. सभासद मात्र सगळे गावचे होते आणि कार्तिकात त्या रस्त्यावर काय असते ते प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांनी पुढचा विषय घेतला.

दिवाळी झाली की त्या रस्त्यावर कापसाच्या बंड्या लागत. खेड्याखेड्यांतून आलेल्या बैलबंड्या जिनिंगच्या फाटकापासून मागे रांगेत उभ्या राहत. एका रांगेची दुसरी होई, दुसरीची तिसरी, आणि होळीपर्यंत रस्त्याचा रस्ता उरत नसे. गाडीवान तिथेच जेवत, तिथेच झोपत. बैलांना कडबा तिथेच टाकला जाई. आपला नंबर लागेपर्यंत माणसाने आणि बैलाने तिथेच राहायचे.

आणि याला गावात कोणी अडचण म्हणत नव्हते. ही आमच्या भागातली गोष्ट बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे. पहिली बंडी आली की फाटकाशी नारळ फुटे, बैलांना कुंकू लागे, पेढे वाटले जात. रांग किती लांब गेली यावरून वर्ष कसे जाणार ते ठरे. "औंदा बंड्या पुलावरक आल्या," असे लोक एकमेकांना आनंदाने सांगत. त्या रांगेने रस्ता अडतो असे म्हणणे म्हणजे दारात आलेल्या लक्ष्मीला बाजूला हो म्हणण्यासारखे होते. म्हणून जागा ठरवताना त्या सभागृहातल्या एकाही गाववाल्याला कार्तिक आठवला नाही. त्यांनी ते मुद्दाम लपवले असते तर राग धरता आला असता. त्यांना ते दिसलेच नव्हते. माझ्या मते हे त्याहून वाईट आहे.

घरे चांगली बांधली गेली. बाईंनीही ते कबूल केले. राहायला जाण्याच्या दिवशी त्या कौतिकाच्या घरात गेल्या. कौतिका सरकी वेचायला जाणारी बाई. तिची थोरली शांता तेव्हा चौथीत होती, बाईंच्या वर्गात. बाईंनी छत्रीच्या टोकाने भिंत ठोकून पाहिली.

"भिंत मजबूत हाय, कौतिके."

"हाव ना जी. खिडकी बी हाय."

बाई खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहत राहिल्या. माळ, वाळलेले गवत आणि लांबवर जिनिंगचे धुराडे. "खिडकीतून शाळा नाई दिसत," असे म्हणून त्या बाहेर पडल्या.

कार्तिक आला. वसाहतीतल्या मुली शाळेत उशिरा येऊ लागल्या, मग एकेक करून यायच्या थांबल्या. लहान मुली बैलांच्या शिंगांना भीत. मोठ्या मुलींना घरचेच पाठवत नसत. दीड मैल अनोळखी पुरुषांच्या रांगेतून वयात आलेली मुलगी कशी पाठवायची? गाडीवानांनी कोणाचे काही वाकडे केल्याचे एकही उदाहरण नव्हते आणि बाई ते प्रत्येकाला सांगत. पण आयांना उदाहरण नको होते. हजेरीच्या वेळी आता बाई नावामागून नाव घेत आणि वर्ग उत्तर देई, "बंड्या लागल्या, बाई."

त्या हंगामात बाई पालिकेच्या सभेत शुद्ध बोलल्या.

"अध्यक्षमहाराज, आपल्या ओव्हरसियरने रस्ता वैशाखात पाहिला. तो आपण आज पाहावा. चालत पाहावा."

वकीलसाहेब हसले. "आत्ताच जाऊ, बाई. चालत कशाला? माझी मोटार आहे. पाच मिनिटांचा तर रस्ता."

"आपण मोटारीने या. मी पुढे होते," बाई म्हणाल्या आणि छत्री घेऊन निघाल्या.

मला वकीलसाहेबांनी मोटारीत घेतले. वर्तमानपत्रवाला बरोबर असावा असे त्यांना वाटले असेल. नाक्यावर आम्ही बाईंना मागे टाकले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, बाई वळल्याही नाहीत. पुढे जिनिंगच्या अलीकडे मोटार थांबली. समोर बंड्या, डावीकडे बंड्या, उजवीकडे चर. ड्रायव्हरने मागे घ्यायचे ठरवेपर्यंत मागेही बंड्या आल्या होत्या.

मला वाटले, आता वकीलसाहेबांना कळेल. तसे काही झाले नाही. गाडीवानांनी त्यांना ओळखले. "वकीलसाहेब आले!" अशी हाक रांगेत पुढे गेली. कोणी हात जोडले, कोणी फाटकाजवळच्या टपरीतून चहाची किटली आणली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बंडीतला मूठभर कापूस काढून खिडकीतून त्यांच्या हातावर ठेवला. "धागा पाहा, साहेब. औंदासारखा धागा नाई पाह्यला." वकीलसाहेबांनी बोटांनी कापूस ओढून धागा पाहिला, लांबी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. ते खाली उतरले. मोटार अडकली आहे हे ते विसरूनच गेले होते. इतक्या बंड्या, इतकी माणसे, सगळे आपल्याला ओळखतात, सगळ्यांचा माल आपल्या दारी आलेला. मी त्यांना इतके सुखी पुन्हा पाहिले नाही.

तेवढ्यात बाई तिथवर पोचल्या. धुळीने लुगड्याचा काठ लाल झाला होता. त्या थांबल्या.

"अध्यक्षमहाराज, किती मिनिटे झाली?"

वकीलसाहेबांनी मूठ पुढे केली. "बाई, कापूस पाहा यंदाचा! गावाचं भाग्य आहे, भाग्य."

बाईंनी कापूस पाहिला नाही. दोन बैलांच्या मधून वाट काढत त्या वसाहतीकडे निघून गेल्या. आम्ही मोटार तिथेच सोडून दुपारी चालत गावात परतलो. पुढच्या सभेत वकीलसाहेबांनी निवेदन केले, "मी स्वतः रस्ता पाहून आलो. इतका चालता रस्ता मी जन्मात पाहिला नाही." सभागृह हसले. मी ती बातमी पाठवली. अकोल्याच्या कचेरीत तिला मथळा दिला गेला, 'नगराध्यक्षांकडून रस्त्याची पाहणी'.

दुसऱ्या वर्षी पालिकेने औदार्य दाखवले. वसाहतीत चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा काढायची आणि तायडेबाईंना तिथे मुख्याध्यापिका करायचे. पगारात थोडी वाढ. ठराव वाचला गेला तेव्हा सभासदांनी बाके वाजवली. सगळ्यांनी बाईंकडे पाहिले, त्या आभार मानतील म्हणून.

बाई हळू बोलल्या. मागच्या बाकावर मला कान देऊन ऐकावे लागले.

"अध्यक्षमहाराज, आम्ही गावात राहत होतो. आपण आम्हाला चांगल्या भिंती दिल्या आणि गावाबाहेर नेले. पूर्वी आम्हाला गावाबाहेर ठेवायला धर्म लागत असे. आता नकाशा पुरतो. आज शाळा तिकडे, उद्या दवाखाना तिकडे, परवा बाजार तिकडे. मग आमच्यापैकी कोणी गावात दिसण्याचे कारणच उरणार नाही. मुलींना शाळा नको आहे, रस्ता हवा आहे. शाळा त्यांना आहे. ती गावात आहे."

एक सभासद पुटपुटला, "देऊन राहिलो तं घेत नाई." बाईंनी ते ऐकले. छत्री घेऊन त्या निघाल्या. ठराव बारगळला.

त्या गोष्टीत बाई बरोबर होत्या असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. पण दोन दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात कौतिका आली तेव्हाही मी तिथे होतो.

"बाई जी, शाळा येत होती ते कावून वापस धाडली?"

"चौथीवरकचीच होती, कौतिके. तुही शांता पाचवीत हाय."

"शांता पाचवीत हाय, पन लहानी दुसरीत हाय ना. तिचं काय? तुमी बस आनतो म्हनता, रस्ता आनतो म्हनता. येईन तवा येईन. पोट्टी तवरक थांबते काय? ते तं मोठी होऊन राहिली."

बाईंच्या हातात छत्री होती. ती त्यांनी आडवी केली नाही. बाई फक्त म्हणाल्या, "हाव."

दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेआधी, सकाळीच वसाहतीत जाऊ लागल्या. सगळ्या मुलींना ओळीने घेऊन त्या बंड्यांमधून निघत. पुढे बाई, मागे मुली. "भाऊ, बैल बाजूले घ्या, लेकी येऊन राहिल्या," असे त्या सांगत जात. पहिल्या दिवशी गाडीवान नुसते पाहत राहिले. मग बाजूला होऊ लागले. काही दिवसांनी बाईंना बोलावेही लागत नसे. पहिल्या बंडीवाल्याला ओळ दिसली की तो ओरडे, "शाळा आली, शाळा आली!" ही हाक एका बंडीवरून दुसऱ्या बंडीवर पुढे जाई आणि मुली पोचण्याआधीच वाट मोकळी झालेली असे. झोपलेले उठून बसत, विडी ओढणारे विडी पाठीमागे धरत. शांता त्या ओळीत होती. तिची लहान बहीण बाईंची छत्री धरून चाले.

यातूनच बाईंना सुचले की नुसत्या हाकेने जे लोक बाजूला होतात ते खूण केली तरी होतील. एका रविवारी वसाहतीतल्या बायांनी माळावरचे दगड गोळा केले, त्यांना चुना लावला आणि रस्त्याच्या मधोमध एक ओळ मांडली. एका बाजूला बंड्या, दुसरी बाजू मोकळी. कोणी भाषण केले नाही, कोणी फलक लावला नाही. सोमवारी बंड्या आल्या आणि दगडांच्या एका बाजूला उभ्या राहिल्या. बाई बस डेपोत गेल्या. डेपो मॅनेजर सायकलने येऊन रस्ता पाहून गेला आणि म्हणाला, रस्ता असाच राहिला तर सकाळ-संध्याकाळ एक फेरी देता येईल.

रस्ता तसा राहिला नाही. एका रांगेत बंड्या उभ्या राहिल्या की शेवटची बंडी दुसऱ्या जिनिंगच्या फाटकासमोर जाई आणि गिऱ्हाईक तिकडे वळे. हे मालकांना परवडणारे नव्हते. पंधरवडाही झाला नव्हता तोच बाईंना पालिकेची नोटीस आली. ती त्यांनी सभागृहात उभे राहून मोठ्याने वाचली. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा निर्माण केल्याबद्दल.

बाईंनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सरळ केला.

"लिहिणाऱ्याचे अक्षर वळणदार आहे," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर मात्र तो कधी गेलेला दिसत नाही."

दगड पालिकेच्या गाडीने उचलून नेले. पुढे ते बागेच्या कडेला मांडले गेले. चुना तसाच होता. बाईंची बदली गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, सकाळी भरणाऱ्या शाळेत झाली. सकाळची शाळा असल्यामुळे वसाहतीत जाऊन ओळ आणणे आता शक्य नव्हते. बदलीच्या हुकमात कारण दिलेले नव्हते. कोणी विचारलेही नाही. मी विचारले तेव्हा हेडक्लार्क म्हणाला, "रूटीन हाय जी." आया मुलींना एकट्या पाठवत नव्हत्या. शांता सहावीत असताना शाळेतून कमी झाली आणि पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले. रस्ता तेव्हा मोकळा होता. वरात पाच मिनिटांत गेली असेल.

लग्नाला बाई गेल्या होत्या. कौतिका त्यांना म्हणाली, "जेवून जा, बाई जी." बाई जेवल्या. परत येताना नाक्यावर मला भेटल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "पाहा, तिची काई चूक होती काय? पायी येत होती पोट्टी. पायीच." वऱ्हाडीत बोलल्या. त्या दिवशी संताप शुद्ध भाषेच्याही पलीकडे गेला होता असे मला वाटले.

यानंतरचा भाग थोडा आहे, आणि मला तो लिहिताना सगळ्यांत जास्त कष्ट पडत आहेत. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या काही वर्षांत गावातल्या वकील, डॉक्टर आणि प्राध्यापकांनी मिळून गृहनिर्माण सोसायटी काढली. जागा घेतली ती त्याच रस्त्यावर, जिनिंगांच्या पुढे, वसाहतीच्या अलीकडे. मोकळी हवा, मोठे प्लॉट, फाटकावर बोगनवेल. बंगले उभे राहिले आणि पहिल्याच कार्तिकात बंगलेवाल्यांच्या मोटारी बंड्यांत अडकल्या. एका डॉक्टरांच्या पत्नीला माहेरी जायची गाडी चुकली.

पुढच्या दिवाळीच्या आत जिनिंगांच्या मागच्या बाजूला बंड्यांसाठी आवार तयार झाले, मागून फाटक निघाले, आवाराला कुंपण लागले, बैलांना पाण्याचा हौद बांधला गेला. रस्ता बंगल्यांपर्यंत डांबरी झाला. दिवे आले. पहिली बंडी त्या वर्षी मागच्या फाटकातून आत गेली. नारळ तिथे फुटला, पेढे तिथे वाटले गेले, लक्ष्मी कुठेही रुसली नाही. म्हणजे हे सगळे करता येत होते. जागा होती, पैसा होता, आणि गाडीवानांना तर काय, रस्त्यावर थंडीत कुडकुडण्यापेक्षा आवार बरेच होते. हे पहिल्या कार्तिकातच करता आले असते. अडकायला मात्र मोटार लागत होती.

आणि बस सुरू झाली.

तो दिवस म्हणजे मी तायडेबाईंना पाहिले तो शेवटचा. त्याच महिन्यात कचेरीने मला अमरावतीला पाठवले. सोसायटीच्या फाटकासमोर मांडव होता. गावातून पहिली फेरी हार घालून आली. वकीलसाहेब अजून नगराध्यक्ष होते, केस पांढरे झाले होते. बसच्या चाकाखाली लिंबू ठेवले गेले, नारळ फुटला. गाव आणि हा परिसर आता जोडला गेला, असे वकीलसाहेब म्हणाले. डांबर फाटकाशी संपत होते. पुढे मुरमाचा रस्ता, आणि अर्ध्या मैलावर वसाहतीची कौले दिसत होती. तिथून दप्तर घेतलेल्या मुली बस पाहायला आणि बसमध्ये बसायला येत होत्या. कौतिकाची धाकटी त्यांत होती.

बाईंनी रजा टाकली होती. भाषण चालू असतानाच त्या मागच्या दाराने बसमध्ये चढल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. छत्री गुडघ्यांवर आडवी. एवढ्या वर्षांत मी त्यांना पालिकेच्या माणसांसमोर प्रथमच बसलेले पाहत होतो.

कंडक्टर आत गेला. "बाई, गावात जाचं काय?"

"नाई. वसाहतीत."

"वसाहतीत गाडी नाई जात. इथूनच वापस. चालत पाच मिनिटं तं हाय."

"कोनं सांगितलं तुले?"

"सगळेच सांगतात, बाई."

"मंग तू चालून ये. मी इथं बसली."

मुली दाराशी आल्या होत्या. बाई खिडकीतून म्हणाल्या, "चढू नका. घरी जा. वसाहतीतल्या विहिरीपाशी उभ्या राहा. गाडी तिथं येईन." मुलींनी एकमेकींकडे पाहिले आणि त्या मागे वळल्या.

मांडवातली माणसे वळून पाहू लागली. कोणीतरी हसले, मग कोणी हसले नाही. डॉक्टर मंडळी घड्याळे पाहू लागली. शेवटी वकीलसाहेब उठून खिडकीपाशी गेले. मी त्यांच्या मागे होतो.

"बाई, उतरा. पुढच्या वर्षी तिथवर डांबर नेऊ. मी शब्द देतो."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. आवाज खाली, शब्द एकेक सुटा.

"अध्यक्षमहाराज, आज मी बसले आहे. बसलेला माणूस ऐकून घेतो. बोला. मी ऐकते आहे."

खिडकीच्या गजावर वकीलसाहेबांचा हात होता. बोलण्यात आयुष्य घालवलेला तो माणूस. त्यांनी हात काढून घेतला.

ड्रायव्हर मडगार्डला टेकून विडी ओढत होता. त्याने वकीलसाहेबांकडे पाहिले, कंडक्टरकडे पाहिले, विडी विझवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. कोणी त्याला काही सांगितले नव्हते. त्याने इंजिन सुरू केले तेव्हा सगळ्यांना वाटले, गाडी आता वळेल. ती वळली नाही. डांबर सोडून ती मुरमावर उतरली. कंडक्टर धावत जाऊन पायरीवर चढला.

बस त्या दिवसापासून विहिरीपर्यंत जाते, असे मला पुढे अमरावतीला कळले. पाटीवर मात्र सोसायटीचेच नाव आहे. ते कोणी बदललेले नाही.

गाडी लांब गेली. टपावरचा हार सुटून लोंबत होता, धूळ उडत होती, आणि पुढे विहिरीपाशी मुलींची ओळ दिसत होती. मागच्या काचेतून बाई दिसल्या. सगळी बस रिकामी होती, तरी त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.